चढणीचे अजिन

स्की ही वस्तू मुळात घसरण्यासाठी निर्माण झालेली आहे. तिचा तळ जितका गुळगुळीत तितकी ती उत्तम, असेच तिचे गुणवर्णन कोणीही करील. असली वस्तू पायांस बांधून माणूस डोंगर उतरतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु तो डोंगर चढतो कसा? पुण्यामुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने मला हा प्रश्न विचारला आहे, आणि विचारताना यजमानास आपण बरोबर पेचात पकडले, असा आनंद प्रत्येकाच्या मुद्रेवर दिसला आहे. तारेवर टांगलेल्या पाळण्यात बसून, हे उत्तर त्यांस अपेक्षित असते. आणि आल्प्स पर्वतात ते बहुतांशी खरेही आहे. पाळणा वर नेतो, माणूस खाली घसरतो, आणि पुन्हा पाळण्याच्या रांगेत उभा राहतो. परंतु ज्या डोंगरांवर पाळणे नाहीत तेथेही हिवाळ्यात माणसे स्की घालून जातातच. ती चढतात ती स्कीच्या तळास एक केसाळ पट्टा चिकटवून. माथ्यावर पोचले की तो पट्टा सोलून काढावयाचा, घडी करून अंगरख्याच्या आत ठेवावयाचा, आणि मग स्कीला तिच्या जन्मजात धर्माप्रमाणे वागू द्यावयाचे.

नोकरीच्या निमित्ताने मी गेली सतरा वर्षे ऑस्ट्रियातील इन्सब्रुक या गावी राहत आहे. हे गाव असे वसले आहे की खिडकी उघडली की डोंगर घरात येतो. येथे नोव्हेंबर महिना लागला की घरोघर, तळघरांतून, या पट्ट्यांची डागडुजी सुरू होते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी छत्र्यांच्या काड्या तपासतात, तसाच हा प्रकार. जर्मन भाषेत या पट्ट्यास ‘फेल’ म्हणतात. फेल म्हणजे जनावराचे केसांसकट कातडे. मराठीत याला शब्द शोधू लागलो तेव्हा मोठी पंचाईत झाली. ‘कातडे’ म्हटले की केस गळून पडतात, आणि ‘लोकर’ म्हटली की कातडे नाहीसे होते. शेवटी मुंजीत बटूच्या जानव्याला बांधतात तो हरणाच्या कातड्याचा तुकडा आठवला, आणि त्याबरोबर त्याचे नावही. केसांसकट कातड्यास आपल्या पूर्वजांनी ‘अजिन’ असा नेमका शब्द करून ठेवलेला आहे. मृगाजिन, व्याघ्राजिन ही सारी त्याचीच भावंडे. ऋषींनी ते बसण्यासाठी वापरले आणि येथील लोक ते चढण्यासाठी वापरतात, एवढाच फरक. तेव्हापासून आमच्या घरात या पट्ट्यांस अजिन हेच नाव पडले आहे, आणि आमच्या मुली शुद्ध टिरोली जर्मन बोलता बोलता मध्येच तो शब्द वापरतात, तेव्हा त्यांच्या मैत्रिणी चकित होतात.

या अजिनाची सारी करामत केसांच्या कलात आहे. मखमलीवरून एका दिशेने हात फिरवावा तर तो अलगद सरकतो, उलट्या दिशेने फिरवावा तर अडतो. येथे केस स्कीच्या टोकाकडून शेपटाकडे निजलेले असतात. पाऊल पुढे सरकले की ते अंग चोरून वाट देतात. स्की मागे घसरू लागली की तेच केस उभे राहतात आणि हिमात रुततात. पाहुण्यांना हे समजावून सांगताना मी फार शास्त्रात शिरत नाही. कार्तिकात सह्याद्रीतील एखाद्या गडावर जाऊन आलेल्या माणसाला कुसळ ठाऊक असते. पायमोज्यात शिरलेले कुसळ चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलागणिक आतच सरकते. बाहेर येणे त्याला मंजूर नसते. लहानपणी आम्ही गव्हाची ओंबी सदऱ्याच्या बाहीत सरकवून हात हलवीत राहत असू, आणि ती गुपचूप खांद्यापर्यंत चढत असे. ओंबीला ना पाय ना इच्छा. हात पुढेमागे हलतो, पण ती मात्र पुढेच जाते. माणसाने डोंगर चढण्यासाठी योजलेली युक्ती तीच आहे, फक्त ओंबीच्या जागी तो स्वतः आहे.

ही युक्ती फार जुनी आहे. ओलाउस माग्नुस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूने उत्तरेकडील लोकांविषयी लिहिलेला मोठा ग्रंथ १५५५ साली रोममध्ये छापला गेला; त्यात रेनडिअरचे कातडे तळाला लावलेल्या स्कींचे वर्णन आहे, आणि चढणीवर केस उभे राहून माणसास मागे घसरू देत नाहीत, हे कारणही दिलेले आहे. मध्य आशियातील अल्ताई पर्वतात आजही घोड्याचे कातडे कायमचे मढविलेल्या लाकडी स्की वापरणारे लोक आहेत. त्यांना चढताना एक आणि उतरताना दुसरे, असला भेद ठाऊक नाही. आल्प्समध्ये स्की आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिच्याबरोबर आले सीलचे कातडे. फ्रेंच लोक अद्यापि या पट्ट्यास ‘सीलचे कातडे’ असेच म्हणतात, यद्यपि सील त्यातून केव्हाच नाहीसा झालेला आहे. त्या काळी हे पट्टे बंद आणि बकले लावून आवळीत. मग पट्टा आणि स्की यांच्यामध्ये हिम शिरे, पट्टा एका अंगाला सरके, आणि गोठलेल्या बोटांनी बकले सोडविता बांधिता चढणाऱ्याचा अर्धा दिवस जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकट थर असलेले पट्टे रूढ झाले, तेव्हा ही आपत्ती टळली. हा चिकट थर मोठा विलक्षण असतो. तो फणसाच्या चिकासारखा आहे, असे मी म्हणेन. पुन्हा पुन्हा चिकटतो, पुन्हा पुन्हा सुटतो, आणि सुटताना मागे काही ठेवीत नाही. फणसाच्या चिकाला मात्र हा शेवटचा गुण नाही.

आपल्या देशातही याचे काम पडते. काश्मीरमधील गुलमर्ग येथे जनरल थिमय्या यांनी १९४८ साली लष्करासाठी स्कीची शाळा काढली, तीच पुढे उंच पर्वतातील युद्धविद्येची शाळा झाली. जेथे पाळणा नाही आणि रस्ताही नाही तेथे जवानाला चढून जावयाचे तर स्कीखाली काहीतरी अडणारे हवेच. आणि आता तर हा खेळही झाला आहे. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२६ च्या हिवाळी स्पर्धांत या चढाईच्या शर्यतीस जागा दिली. त्या शर्यतींतील खेळाडू काही क्षणांत पट्टा ओढून काढतात आणि छातीशी कोंबतात. ते पाहणे मला फारसे रुचत नाही. जे काम सावकाश करण्यातच सुख आहे ते घड्याळ लावून करणे म्हणजे पुरणपोळी खाण्याची शर्यत लावण्यासारखे आहे. पण हे माझे वय बोलत असेल.

गेल्या वर्षी आमच्या मातोश्री वाईहून येथे सहा महिने राहावयास आल्या होत्या. त्यांच्या मुक्कामातच आमच्या थोरल्या मुलीने, वयाच्या अठराव्या वर्षी, स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून चढाईची स्की घेतली. आजवर ती माझ्याबरोबर येत असे आणि तिची सर्व आयुधे भाड्याची असत. भाड्याच्या स्कीला भाड्याचे पट्टे, दुसऱ्या कोणी तरी बेतून कापलेले. आता स्की तिची स्वतःची झाली, म्हणजे अजिनही स्वतःचे हवे. दुकानातून लांबलचक वळकटी घरी आली. मातोश्रींनी ती दुरूनच पाहिली.

“अरे, हे कशाचं कातडं आणलंस घरात?”

“कातडं नाही, आई. बकरीच्या केसांचं विणलेलं आहे. मोहेर म्हणतात त्याला.”

“मोहोर? आंब्याचा?”

मोहेर म्हणजे अंगोरा जातीच्या बकरीचे केस. अंगोरा हे तुर्कस्तानच्या राजधानीचे, अंकाराचे, जुने नाव, आणि आज जगातील मोहेरचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेतून येतो, हे सारे मी त्यांना सविस्तर सांगितले. काही पट्टे नायलॉनचे असतात. ते अधिक टिकतात आणि अधिक घट्ट धरतात, पण सरकताना जड जातात. मोहेर हलके सरकते, पण लवकर झिजते. म्हणून पुष्कळ जण दोहोंचे मिश्रण पसंत करतात, आणि हाही मिश्रणाचाच होता. मातोश्रींनी हे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले, वळकटीवरून सुलटा आणि उलटा हात फिरविला, आणि निर्णय दिला, “म्हणजे धाबळीच की! मग सोवळ्यालासुद्धा चालेल.” अजिनाची अशी शुद्धी झाल्यावर त्यांची त्याविषयी सारी भीती गेली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक आजोबा राहतात. वय वर्षे ब्याऐंशी, धंद्याने सुतार, आता निवृत्त. तळघरात त्यांचे कामाचे बाक आहे. आमच्या वाटेवरील निम्म्या घरांतील पट्टे त्या बाकावर कापले गेले असतील. माझेही तेथेच झाले. एका शनिवारी सायंकाळी मी, मुलगी आणि शाल पांघरलेल्या मातोश्री असे तिघे त्यांच्याकडे उतरलो. त्यांनी मातोश्रींना शेगडीजवळची एकुलती एक खुर्ची दिली. दोघांना एकमेकांच्या भाषेतील एक अक्षर येत नसताना पुढला तासभर त्यांचे जे संभाषण चालले, ते मी पुरते भाषांतर करू शकलो नाही, आणि त्यांनी तशी अपेक्षाही केली नाही.

पट्टा स्कीला बेतणे हे शिंप्याचे काम आहे असे लोक समजतात. मला ते नालबंदाच्या कामाशी अधिक जवळचे वाटते. कारण शिंप्याने बिघडविलेला सदरा टाकून देता येतो, पण चुकीचा नाल घेऊन घोड्याला चालावे लागते. स्की ही सरळ फळी नाही. तिचे टोक रुंद, कंबर बारीक आणि शेपटाशी ती पुन्हा काहीशी रुंद होते. पट्टा मात्र वळकटीतून निघतो तो सर्वत्र सारख्याच रुंदीचा. म्हणून तो स्कीच्या सर्वांत रुंद भागाइतका घ्यावयाचा, आणि मग कमरेशी जे जास्त बाहेर येईल ते कापून टाकावयाचे. आधी स्की उताणी करून बाकाला पकडवितात. पट्ट्याची कडी स्कीच्या टोकात अडकवावयाची. चिकट थरावरील कागद थोडा थोडा सोलीत पट्टा बरोबर मध्यावरून शेपटापर्यंत दाबीत न्यावयाचा. आणि शेपटाशी असलेला रबराचा बंद ताणून आकड्यात घालावयाचा. बंदाचा ताण फार झाला तर पट्टा टोकाशी उचलतो, कमी झाला तर चालताना शेपटाशी हिम शिरते. एवढे झाले की स्कीला एखाद्याने फार मोठे जोडे घातल्यासारखी ती दिसू लागते. दोन्ही अंगांनी केसाळ झालर लोंबत असते. कापावयाची ती हीच.

मी मनाशी गृहीत धरले होते की सुरी आजोबा चालवितील. माझ्या वेळी त्यांनीच चालविली होती. त्यांनी सुरी पुसली, तिचे पाते बदलले, आणि मूठ मुलीच्या हातात दिली. मी म्हणालो, “आपण केलंत तर बरं होईल, हिला सवय नाही.” आजोबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “यावर उभं मी राहणार नाही.”

येथे एक तपशील सांगितला पाहिजे, कारण सर्व गोष्ट त्याच्यावर आहे. पट्टा स्कीच्या कडेबरोबर कापावयाचा नसतो. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी बसविलेली असते, सुमारे दोन मिलिमीटर रुंद. ती पट्टी पूर्ण उघडी राहिली पाहिजे. आता नवीन सुऱ्या अशा निघाल्या आहेत की त्या आपोआप तेवढे अंतर सोडूनच कापतात. आजोबांना त्या मान्य नाहीत. त्यांची रीत जुनी आहे. प्रथम एका बाजूने पट्टा अगदी कडेबरोबर कापतात. मग तो सोलून चार मिलिमीटर त्या कडेपासून आत सरकवून पुन्हा चिकटवितात, म्हणजे दुसऱ्या अंगाला तितकाच अधिक बाहेर येतो. ते अंगही कडेबरोबर कापतात. शेवटी पट्टा पुन्हा सोलून मध्यावर आणला की दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर पोलाद आपोआप उघडे पडते. हिशेब साधा आहे. परंतु तो हाताने घडताना पाहिला की मला अजूनही एखादे कोडे सुटल्याचा आनंद होतो.

मुलीने पहिला काप टोकाकडून सुरू केला. सुरी टोकाच्या वळणाशी क्षणभर अडखळली, मग कडेला टेकून सरळ चालू लागली. तिच्या मागे झालरीची एक लांब चीर, सोललेल्या सफरचंदाच्या सालीसारखी गुंडाळत खाली पडत होती. कमरेशी आल्यावर ती थांबली, श्वास घेतला, आणि उरलेले एका ओढीत शेपटापर्यंत नेले. दुसरा काप, मग दुसरी स्की. शेवटी पट्टे मध्यावर बसले तेव्हा करड्या केसांच्या दोन्ही बाजूंनी पोलादाची रेघ दिव्याच्या उजेडात चमकू लागली.

मातोश्री म्हणाल्या, “लुगड्याच्या काठासारखं छान दिसतंय. पण अरे, एवढं चांगलं पांघरूण आहे, तर दोन्हीकडे उघडं कशाला ठेवलंत? पुरतं झाकलं असतं म्हणजे अधिक घट्ट धरलं असतं ना?”

हा प्रश्न मी आजोबांना सांगितला. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी उत्तर तोंडाने न देता एक फळी शेगडीजवळ तिरपी उभी केली, हाताच्या पंज्याची कड तीवर टेकविली, आणि पंजा तेथे कसा अडतो हे मातोश्रींना दाखविले. मग खिशातून हातमोजा काढून पंज्यावर चढविला आणि तोच पंजा पुन्हा टेकविला. तो घसरला. मातोश्रींनी मान डोलाविली. सरळ चढणीवर केस धरतात हे खरे. परंतु डोंगर सरळ कोणीच चढत नाही. आडव्या वाटेने, वळणे घेत चढावे लागते, आणि कडक झालेल्या हिमावर आडवे जाताना स्कीचा सारा तळ टेकतच नाही. टेकते ती केवळ वरच्या अंगाची कड. ती कड उघडी असेल तर हिमात रुतते. तिच्यावर केस आले तर ती म्यानातली सुरी होते. अशा जागी माणूस घसरतो तो मागे घसरत नाही, आडवा घसरतो, आणि त्या घसरण्यावर केसांची काहीच मात्रा चालत नाही.

त्या रात्री मला हे दोन मिलिमीटर पुष्कळ वेळ सतावीत होते. मुलीची ही स्की तिच्या पहिल्या अशा सहलीसाठी होती की जीत मी नव्हतो. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी सेलराइन खोऱ्यातील प्राक्समार या वाडीपासून लाम्पसेनश्पित्से नावाच्या शिखरावर जाणार होत्या. वाडीची उंची १६८९ मीटर, शिखराची २८७५. म्हणजे चढ सुमारे १२०० मीटरचा, आणि तासास साडेतीनशे-चारशे मीटर या बेताने सव्वातीन तासांचा. वाट मी अनेकदा चाललेली, फारशी अवघड नसलेली. परंतु बापाच्या मनात डोंगर नेहमी नकाशापेक्षा अधिक उभा असतो. मी तिला काय काय द्यावयास निघालो होतो त्याची यादी येथे करीत नाही; एवढेच सांगतो की त्यात माझी स्वतःची सोबतही होती, आणि ती तिने अतिशय गोड शब्दांत नाकारली.

मला वाटणाऱ्या काळजीचे कारण घसरणे हे नव्हतेच. अजिनाचा एक दुर्गुण आहे, तो दुकानदार सांगत नाही. ते चढणे इतके सोपे करते की थांबणे कठीण होते. एका लयीत पाऊल सरकत असते; पाऊल उचलावयाचे नसते, सरकवावयाचेच असते, टाच मोकळी असते, आणि शहाणा चढणारा पंढरीच्या विठोबासारखा ताठ उभा राहून सारे वजन तळव्यावर देतो, कारण पुढे वाकले की केसांवरचे ओझे कमी होऊन स्की निसटते. या लयीत एक प्रकारची गुंगी आहे. मागे घसरणे नाही, म्हणून मागे फिरण्याचाही विचार येत नाही. हिमाच्या लोटांचे अपघात बहुधा तीस अंशांहून अधिक उभ्या उतारांवर होतात, आणि अजिन लावलेला माणूस तेथे सहज जाऊन पोचतो. तेथे पोचल्यावर, शिखर समोर दिसत असता, येथून परत जावयाचे असे म्हणणारा भाग स्कीला कोठेही चिकटविता येत नाही.

टिरोल प्रांतात हिवाळ्यात रोज सायंकाळी पाच वाजता दुसऱ्या दिवसाचे हिमलोटविषयक पत्रक प्रसिद्ध होते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. पाचवीच्या दिवशी कोणी जात नाही. अनुभव असा आहे की पुष्कळसे प्राणघातक अपघात तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात, जेव्हा आकाश निळे असते आणि माणसाला पत्रक अतिशयोक्त वाटते. जानेवारीतील त्या शनिवारी पत्रकात दुसरी पायरी होती. मात्र उंचावर वाऱ्याने साठविलेल्या ताज्या हिमाविषयी इशारा होता. मुलीने ते मला मोठ्याने वाचून दाखविले. तिच्या पाठपिशवीत फावडे आणि घडीची लांब काठी होती, छातीशी संदेश देणारे यंत्र होते. पट्ट्यांच्या घड्या तिने आजीच्या मदतीने घातल्या होत्या: चिकट अंगाला चिकट अंग, आणि उलगडताना दोन्ही टोके दोघींनी धरून, धुतलेले लुगडे झटकताना ओढतात तशी ओढावयाची. पहाटेच्या काळोखात दार लागले. मातोश्री देवापुढे बसल्या, आणि मी खाली जाऊन आजोबांच्या तळघरात उगाच बाकावरचा भुसा झाडीत राहिलो. आजोबांनी मला हाकलून दिले नाही, यातच त्यांचा मोठेपणा होता.

ती तिन्हीसांजेच्या आधीच परत आली. शिखर झाले नव्हते. माथ्याखाली सुमारे दोनशे मीटरवर, उघड्या उतारावर पाऊल ठेवताच, पायांखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला आणि हिमाचा थर किंचित बसला. ही खूण तिला शिकविलेली होती. पुस्तकात वाचलेले प्रथमच पायांना कळले. तिघी उभ्या राहिल्या, बोलल्या, आणि सौम्य उतारापर्यंत आपल्याच वाटेने मागे आल्या. तेथे वाऱ्यात पाठ करून तिने पट्टे सोलले, चिकट थर थंडीने मरू नये म्हणून ते कोटाच्या आत पोटाशी ठेवले, आणि खाली घसरत आली. वाटेत एका आडव्या टप्प्यावर हिम काचेसारखे कडक होते, चढताना. तेथे तिची एक मैत्रीण भाड्याच्या पट्ट्यांवर दोनदा घसरून बसली. मुलगी मात्र बसली नाही. हे तिने सांगितले ते आजोबांना, मला नव्हे.

मला तिने वेगळेच सांगितले. त्यांच्या पुढे चौघेजण होते. त्यांनीही तो आवाज ऐकला असणार, कारण ते क्षणभर थांबले होते. पण ते तसेच वर गेले, शिखरावर उभे राहिले, आणि त्याच उतारावरून हसत ओरडत खाली आले. काही म्हणता काही झाले नाही. बस थांबते तेथे ते सूप पीत बसले होते.

“मग आम्ही उगाचच फिरलो का, बाबा?”

ती उत्तरासाठी माझ्याकडे पाहत होती. उतार फुटला नाही, यावरून तो फुटणार नव्हता असे ठरत नाही. पण फुटणार होता, असेही कोणाला सिद्ध करता येत नाही. मागे फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो हे पाहण्याची संधी डोंगर बहुधा देतच नाही. मी तिला हे सांगू शकलो असतो. अठराव्या वर्षी सूप पिणाऱ्या चौघांपुढे हे वाक्य किती पोकळ वाटते, ते मला ठाऊक होते. म्हणून मी तिला विचारले, पट्टे कोठे आहेत, आणि ती पिशवी घेऊन आली.

पट्टे भिजलेले होते. त्यांना शेगडीजवळ वाळवू नये, चिकट थर वितळून वेडावाकडा होतो. साध्या खोलीत, सावलीत, केस बाहेर करून टांगावे. आम्ही दोघांनी न्हाणीघरात दोरी बांधली. एका पट्ट्याच्या चिकट अंगाला अरण्यातून आलेली सूचिपर्णाची दोन पाने आणि एक काळा केस अडकला होता. ती चिमट्याने ते एकेक काढीत बसली. “हा केस माझा,” ती म्हणाली. टोकाशी, जेथे सुरी पहिल्याने अडखळली होती, तेथे कडेला एक लहानसा कोपरा राहिला होता, आणि त्याखाली हिम शिरून तेवढा भाग सुटला होता. तिने स्वतःच कात्री आणली आणि तो कोपरा गोल केला. मला विचारले नाही.

मातोश्री दारातून डोकावल्या. त्यांनी नातीच्या गालावरून हात फिरविला, मग दोरीवरच्या पट्ट्यांवरून फिरविला, आधी सुलटा, मग उलटा.

“ओली आहे अजून धाबळी,” त्या म्हणाल्या. “आज रात्री कोणी दोरी काढू नका.”